पिस्तुलाचा बस्ता

जगातला सगळ्यात जास्त आत्मविश्वास असलेला मूर्ख कुठे बघायला मिळतो असं मला कुणी विचारलं, तर मी नेमका पत्ता देईन. पिस्तुलांच्या काउंटरसमोर, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. "हिच्यासाठी काहीतरी छोटंसं दाखवा," म्हणतो. स्वतः पिस्तूल फक्त टीव्हीवर पाहिलेलं असतं. बायको लहानपणापासून बापाबरोबर हरणं मारत आलेली असते, पण ते ह्या गृहस्थाने कधी विचारलेलं नसतं.

चौदा वर्षं मी हे वाक्य ऐकलं. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावातून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथे बंदुकांच्या काउंटरमागे मी उभा असायचो, २००८ साली रिटायर होईपर्यंत. त्याआधी पुण्यात संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. इथे राहणाऱ्या बहिणीने माझ्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, आणि ज्या वयात माणसं पेन्शनचे कागद जमवायला लागतात त्या वयात मी इथे नोकरी शोधायला लागलो. दुकानाचा मालक हँक. हा माणूस आत येताना वाकून यायचा आणि बाहेर जाताना दारच वाकायचं. हिंदुस्थानी माणूस म्हणजे डॉक्टर, अशी त्याची ठाम समजूत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तो मला 'डॉक' म्हणायला लागला. निम्म्या जिल्ह्याने मला आपले गुडघे दाखवले आहेत. मीही हळद-दूध सांगून बरेच बरे केले.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गोळी जेवढ्या जोरात पुढे जाते तेवढ्याच जोरात पिस्तूल मागे येतं. पिस्तूल जड असलं तर तो धक्का ते स्वतःच्या अंगात जिरवतं. हलकं असलं तर तुमच्या मनगटात आणून टाकतं. म्हणजे बाईमाणसाला झेपावं म्हणून जे हलकं, इवलंसं पिस्तूल घेतलं जातं, ते सगळ्यात जास्त लाथा मारतं. नळी तोकडी, त्यामुळे नेमही सहज चुकतो. जाणत्या हाताचं ते काम, आणि दिलं जातं नवख्या हातात. आमच्या दुकानात अशा पिस्तुलांचं एक वेगळं कपाट होतं, गुलाबी मुठींचं. त्यावरून मी हँकशी इतका भांडलो आहे की भिंतीवरच्या हरणांच्या मुंडक्यांनी माना वळवल्या असतील.

"डॉक, बायकांना आवडतात," हँक म्हणायचा.

"बायकांना नाही. त्यांच्या नवऱ्यांना आवडतात," मी म्हणायचो.

त्या कपाटावर उतारा म्हणून मी एक पद्धत काढली. कानात घालायचे फोमचे बोळे असतात ना, गोळी झाडताना आवाज लागू नये म्हणून, त्यांची एक छोटी प्लास्टिकची डबी मी काउंटरवर ठेवायचो. गिऱ्हाईक बोलता बोलता बेसावध असलं की डबी त्याच्याकडे फेकायची. ज्या हाताने झेलेल तो त्याचा खरा हात. डावा आहात का उजवा, असं विचारण्यात अर्थ नसतो, लोक विचार करून उत्तर देतात. संकटात विचार करायला वेळ नसतो, तेव्हा जो हात आपणहून उठतो तोच पिस्तुलाचा हात. गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला सेफ्टीचा खटका कुठल्या अंगठ्याखाली हवा, कमरेला अडकवायचं होल्स्टर कुठल्या बाजूला हवं, सगळं त्यावर ठरतं.

एडना नावाच्या ऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई होत्या. मुलगा त्यांना घेऊन आला आणि त्यांच्या वतीने पाऊण तास बोलला. आजीबाई खुर्चीत बसून विणत होत्या. मी डबी फेकली. त्यांनी सुईवरून नजर न हलवता डाव्या हाताने झेलली, टाका पुरा केला, आणि मुलाला म्हणाल्या, "तू गाडीत जाऊन बस." नंतर दुकानामागे, जिथे गिऱ्हाइकं मातीच्या बांधावर नेम धरून बघायची, तिथे त्यांनी सहा गोळ्यांत जे केलं ते बघून हँकने टोपी काढली. हँकची टोपी त्याआधी फक्त त्याच्या बापाच्या अंत्यविधीला निघाली होती, तीही अर्धी.

एवढी अक्कल असलेल्या माणसाने मग काय दिवे लावले, ते ऐका.

२००४ सालच्या पानगळीत एका शनिवारी दुकानाच्या दारात दोन गाड्या थांबल्या आणि त्यातून मराठी माणसं उतरली. मी चाट पडलो. ही इथल्या मराठी मंडळातली माणसं. मी बंदुका विकतो हे ह्यांना माहीत होतं, आणि त्याची त्यांना थोडी लाज वाटायची. "हे आपले काका, रिटेलमध्ये असतात," अशी मंडळाच्या कार्यक्रमात माझी ओळख करून दिली जायची. आज तेच लोक हात जोडून आत येत होते.

पुढे काळे. हे मंडळाचे सेक्रेटरी, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल यांनी इंटरनेटवर वाचलेलं असायचं. मागे निखिल, सॉफ्टवेअरवाला, मूळचा नागपूरचा, मुलगा चांगला. त्याच्या आई, सहा महिन्यांसाठी आलेल्या, शालीवर जाकीट आणि जाकिटावर शाल. आणि सगळ्यांच्या मागे सुनेत्रा, निखिलची बायको. ती युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्रात काम करायची. डोंगरातल्या ओढ्यांतले दगड फोडून आणायचे आणि त्यांच्यातून कुठलं विष पाण्यात उतरतं ते तपासायचं, असं काहीसं. त्यासाठी आठवड्यातले तीन दिवस ती जंगलात एकटी असायची.

भानगड अशी होती की तीन आठवडे एक हिरवा ट्रक तिच्या मागे यायचा. ती थांबली की तो थांबायचा. एकदा ती ओढ्यावरून परत आली तर गाडीच्या दोन चाकांतली हवा गेलेली, आणि वर उतारावर तो माणूस झाडाला टेकून तिच्याकडे बघत सफरचंद खात होता. पोलिसांत गेली तर ते म्हणाले, अजून तसं काही घडलेलं नाही.

अजून घडलेलं नाही. हे वाक्य मी एखाद्या भिंतीवर लिहून तिथे रोज जाऊन थुंकायला तयार आहे.

निखिल आणि सुनेत्रा दोघंही नुकतीच इथली नागरिक झालेली, त्यामुळे कागदांची अडचण नव्हती. अडचण दुसरीच झाली. लग्नाचा बस्ता बांधायला सगळं खानदान दुकानात शिरतं, मुलगी कोपऱ्यात बसते आणि शालू मावशी पसंत करते, तशी ही मंडळी पिस्तुलाचा बस्ता बांधायला आली होती. आणि मी, मूर्ख म्हातारा, त्या शालूच्या दुकानाचा मालक झालो. हिरवं मखमली कापड पसरलं. त्याच्यावर एकामागून एक पिस्तुलं मांडली. थर्मासमधला चहा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली माणसं माझ्या काउंटरपुढे आदराने उभी होती, आणि मला ते गुळासारखं गोड लागत होतं.

"काका, लाइटवेट बघा ना काहीतरी," निखिल म्हणाला. "पर्समध्ये मावलं पाहिजे."

"मी पर्स वापरत नाही," सुनेत्रा हळूच म्हणाली.

"नाजूक हात आहेत हो तिचे," सासूबाई म्हणाल्या. "जड देऊ नका."

नाजूक. ती बाई दिवसाला पन्नास किलो दगड फोडायची. मी जरा वाढवून सांगतो असं लोक म्हणतात, बरं, तीस धरा.

"मी रिव्ह्यूज वाचलेत," काळे म्हणाले. "लेडीजसाठी हेच बेस्ट आहे." आणि त्यांनी नेमकं त्या कपाटातल्या सगळ्यात चिमुकल्या पिस्तुलावर बोट ठेवलं. गुलाबी मूठ नको, काळी चालेल, एवढी सुधारणा केली.

मी काय करायला हवं होतं? डबी उचलून फेकायला हवी होती. हात डबीकडे गेलाही होता. पण सासूबाई मध्ये उभ्या. चांगल्या घरच्या सुनेच्या अंगावर, सासूच्या देखत, वस्तू भिरकवायची? बरं दिसेना. मग मी पिस्तूल रिकामं आहे हे दाखवलं आणि प्रसादाची वाटी द्यावी तसं अदबीने तिच्यापुढे धरलं. वडीलधाऱ्या माणसाने दिलेली वस्तू आपल्यातली मुलगी कुठल्या हाताने घेते? उजव्या. तिने उजव्या हाताने घेतलं. फॉर्म भरला तोही उजव्या हाताने. मी मनात टिपून घेतलं, उजवी. होल्स्टर उजव्या कमरेचं काढून दिलं.

त्यात आणखी एक झालं. सासूबाईंची पर्स काउंटरच्या कडेवरून घसरली. ती जमिनीला लागायच्या आत सुनेत्राने वरच्या वर पकडली. डाव्या हाताने. मी ते ह्या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं, आणि म्हणालो, "वा, चपळ आहे हो सून."

मागच्या बांधावर तिने तीन गोळ्या झाडल्या. एक मातीत, एक आभाळात, तिसरीचा अजून तपास चालू आहे. मनगट चोळत म्हणाली, "काका, हे हातात बसत नाहीये."

"होईल सवय," काळे म्हणाले.

"सुरुवातीला होतं असं," मी म्हणालो. चौदा वर्षांत मी गिऱ्हाइकांना मारलेल्या थापा मोजायला बसलो तर ऑफिसात एक क्लार्क ठेवावा लागेल. अस्वलं, मासे, माझा नेम. त्या सगळ्या मला माफ आहेत. हे एक वाक्य नाही.

सहा आठवड्यांनी दुकानात फोन आला.

एखादं हत्यार गुन्ह्याच्या जागी सापडलं की सरकारी खात्यातून दुकानाला फोन येतो. समोरचा माणूस फक्त नंबर वाचतो, पिस्तुलावर कोरलेला, आणि विचारतो की हे तुम्ही कोणाला विकलं. आपण फाईल काढायची आणि नाव सांगायचं. का विचारताय, कोण मेलं, कोणी मारलं, ह्यातलं काहीही ते सांगत नाहीत. माझ्या सगळ्या नोकरीत असे चार-पाच फोन आले असतील. 

ह्या वेळी फाईल उघडली आणि मला ते उजव्या हाताचं, शाळेत पट्टी खाऊन सुधारल्यासारखं, गोल गोल मराठी वळणाचं इंग्रजी अक्षर दिसलं.

नाव सांगितलं. "ती बरी आहे का?" विचारलं. समोरचा म्हणाला, "थँक यू, सर," आणि फोन ठेवला.

निखिल फोन उचलेना. एकदा, दोनदा, दहादा. हँकने माझ्यापुढे कॉफी ठेवली. त्याचा चुलतभाऊ शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसप्रमुखाच्या, ऑफिसात होता, त्याला फोन लावायला तो आत गेला. ती वीस मिनिटं मी काउंटरला धरून उभा होतो. समोर दोन माणसं मासे धरायचे गळ बघत हसत होती, आणि मला त्यांना दुकानाबाहेर फेकून द्यावंसं वाटत होतं.

हँक परत आला. म्हणाला, "जिवंत आहे, डॉक."

झालं ते असं. ती ओढ्यात गुडघाभर पाण्यात दगड फोडत होती. मान वर केली तर तो माणूस तिच्या आणि तिच्या गाडीच्या मध्ये उभा. तिच्या हातातला हातोडा खाली पडला आणि हात कमरेकडे गेला. डावा हात, डाव्या कमरेकडे. तिथे पाण्याची बाटली होती. मग उजव्या हाताने उजव्या बाजूचा पट्टा उघडला, पिस्तूल काढलं, खटका अंगठ्याखाली सापडेना. तोवर तो अंगाशी आला होता. त्याने पिस्तूल पिरगाळून ओढून घेतलं आणि त्या ओढाताणीत तिचं बोट मोडलं. त्याने पिस्तूल उलटंपालटं करून बघितलं, हसला, आणि खिशात टाकलं. तो हसण्यात गुंतला होता तेवढ्यात सुनेत्राने पाण्यातला हातोडा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर असा घातला की तो माणूस आजही जिना चढताना तिचं नाव घेत असेल. हातोडा कुठल्या हाताने घातला हे सांगायला नकोच. तो लंगडत ट्रकपर्यंत पोचला, पण शेरीफच्या माणसांनी त्याला पुढच्याच पंपावर धरला. पिस्तूल त्याच्या खिशातच होतं. पुढे त्याला तुरुंगवास झाला. माझ्या मते कमी झाला, पण माझं मत कुणी विचारत नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सुनेत्रा आतल्या खोलीत झोपली होती. बाहेर काळे बसले होते.

"मी म्हणत होतो, एकटं जायचंच कशाला?" काळे म्हणाले.

"तिला चालवताच आलं नाही, काका," निखिल म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "एवढं चांगलं घेऊन दिलं होतं."

मी आयुष्यात कुणाच्या घरात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय बोललो ते सगळं इथे छापता येणार नाही, संपादकांना नोकरी टिकवायची आहे. एवढंच सांगतो की मी काळ्यांना विचारलं, त्या माणसाला कुणी विचारलं का तो जंगलात एकटा का गेला होता? सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता मला हाकलतात. त्या म्हणाल्या, "बोला तुम्ही. बोला अजून." आणि पदर डोळ्यांना लावला.

तीन आठवड्यांनी सुनेत्रा दुकानात आली. एकटी. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी. पोलिसांकडून परत मिळालेलं पिस्तूल तिने पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं.

"हे मला नको, काका. घरचे म्हणतात फील्डवर्क कॅन्सल कर, लॅबमध्ये बस. माझी तीन सॅम्पल्स राहिलीयेत, त्याच ओढ्यातली. ती आणली नाहीत तर चार वर्षांचं काम अर्धवट राहतं. सोमवारी मी जातेय."

मी डबी उचलली आणि फेकली.

तिचा डावा हात उठला आणि डबी त्यात जाऊन बसली. ती त्या हाताकडे बघत राहिली, मी पण बघत राहिलो.

"शाळेत बाई पट्टी मारायच्या," ती म्हणाली. "म्हणून लिहिते उजव्याने. जेवते उजव्याने. बाकी सगळं हा करतो."

माझ्या बहिणीचं अगदी हेच. जिने मला ह्या देशात आणलं ती. सही उजव्या हाताने, पोळी लाटते डाव्या हाताने, आणि पंगतीत वाढताना आजही वाडगं ह्या हातातून त्या हातात घेते. पन्नास वर्षं मी तिच्या हातची पोळी खातोय. हँकला हे कळायचं काहीच कारण नव्हतं. मला कळायला हवं होतं. सगळ्या परगण्यात एकट्या मला.

मी तिला पद्धत सांगितली. ही डबी मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे फेकतो, हेही सांगितलं.

"मी एकटी आले असते तर फेकली असतीत?"

"हो."

"गोरी असते तर?"

"पहिल्या मिनिटाला."

"म्हणजे आपली होते म्हणून नाही फेकलीत."

"हो," मी म्हणालो. ही थाप नव्हती.

त्या दिवशी हँकने दुकान लवकर बंद केलं आणि गुलाबी कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. सुनेत्रा मागच्या बांधावर चार तास होती. मी एकही पिस्तूल सुचवलं नाही. सात ठेवली, तिने सातही डाव्या हाताने चालवली. शेवटी घेतलं ते पोलादी रिव्हॉल्व्हर, तोकडंच, पण चांगलं वजनदार, आमच्या घरच्या खलातल्या बत्त्यासारखं. त्याला सेफ्टीचा खटकाच नसतो, त्यामुळे अंगठ्याला काही शोधायला लागत नाही. चाप मात्र दमदार ओढावा लागतो. हातोडा चालवणाऱ्या हाताला त्याचं काय? तिसऱ्या फेरीत पाचपैकी चार गोळ्या वर्तुळात होत्या.

डाव्या कमरेचं होल्स्टर दुकानात नव्हतं. मागवायला दोन आठवडे लागले असते, आणि सोमवार परवावर आलेला. मी कारखान्यातला फिटर, हात अजून मेले नव्हते. घोड्याच्या खोगिराचं एक जुनं कातडं पडलं होतं, ते कापलं, भिजवलं, रिव्हॉल्व्हरवर ताणलं आणि दाभणाने शिवलं. दिसायला ते इतकं ओबडधोबड झालं की हँक म्हणाला, "डॉक, हे बघूनच माणूस पळून जाईल." पण तिने ते कमरेला लावलं, डोळे मिटले, आणि हात जिथे गेला तिथे ते होतं.

सोमवारी ती गेली. जाताना तिने कुणाला सोबत घेतलं नाही, आणि निखिल दिवसभर आमच्या दुकानात येऊन बसला. काय करणार, घरात त्याला बसवेना. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा. मी त्याला शिव्या घालायच्या ठरवल्या होत्या, पण चहाच दिला. चारच्या सुमाराला ती आली, चिखलाने भरलेली, आणि तिने काउंटरवर एक ओला दगड ठेवला. "एक जास्तीचा आणला," म्हणाली. "तुम्हाला." रिव्हॉल्व्हरला हात लावायची वेळ आली नव्हती. तो दगड अजून माझ्याकडे आहे. त्यात सोनं आहे असं मी नातवंडांना सांगतो.

आता मला काउंटर नाही, पण खोड गेलेली नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नव्या सुनेची ओळख करून दिली की मी हात जोडत नाही, हाताला लागेल ते तिच्याकडे फेकतो. बायको म्हणते म्हातारा चळला. परवा फराळाच्या टेबलापाशी एका मुलीकडे रव्याचा लाडू फेकला. तिने चटकन डाव्या हाताने झेलला. शेजारी सासू होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "उजव्या हाताने घे गं, काका काय म्हणतील."

मुलीने लाडू उजव्या हातात घेतला.

"वहिनी," मी म्हणालो, आणि बहुतेक जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण निम्मा हॉल गप्प झाला, "तो लाडू परत त्या हातात जाऊ द्या."